सोटो गेल्यानंतरचे ७१ विजय

वॉशिंग्टन नॅशनल्स या अमेरिकन बेसबॉल संघाने २०२३ च्या हंगामात १६२ पैकी ७१ सामने जिंकले, ९१ गमावले आणि नॅशनल लीगच्या पूर्व विभागात तळाची जागा राखली. तरीही हंगाम संपला तेव्हा संघाभोवती समाधानाचे वातावरण होते, कारण आदल्या वर्षी हाच संघ ५५ विजय आणि १०७ पराभवांसह संपूर्ण मेजर लीगमध्ये शेवटचा आला होता. एका वर्षात १६ विजयांची भर पडली, व्यवस्थापक डेव्ही मार्टिनेझ आणि जनरल मॅनेजर माइक रिझो या दोघांचेही करार वाढवले गेले, आणि तरुण बॅटर हुआन सोटोला विकून सुरू झालेली पुनर्बांधणी मार्गी लागली, असे म्हणण्याची प्रथाच पडली. मला तो हंगाम पाहताना आनंद झाला होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या १६ विजयांचा आणि सोटोच्या रिकाम्या जागेचा संबंध लोक समजतात त्यापेक्षा फार कमी होता, असे माझे मत आहे.

सोटो म्हणजे काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. २०१८ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो मेजर लीगमध्ये आला आणि त्याच हंगामात त्याने २२ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे मैदानाबाहेरचे फटके) मारले. २०१९ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजविरुद्धच्या वर्ल्ड सीरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, त्याने तीन होम रन मारले आणि त्या मालिकेच्या दरम्यानच तो एकवीस वर्षांचा झाला. २०२२ च्या जुलैमध्ये १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलरचा प्रस्ताव त्याने नाकारल्याची बातमी आली आणि २ ऑगस्टला संघाने त्याला जॉश बेलसह सॅन डिएगो पाड्रेजकडे पाठवून दिले. बदल्यात शॉर्टस्टॉप (आतल्या मैदानातला क्षेत्ररक्षक) सी. जे. एब्रम्स, पिचर (चेंडू टाकणारा) मॅकेंझी गोर, आउटफिल्डर रॉबर्ट हॅसेल आणि जेम्स वुड, किशोरवयीन पिचर हार्लिन सुसाना आणि अनुभवी बॅटर ल्यूक व्हॉइट असे सहा जण मिळाले. व्हॉइटच्या जागी एरिक हॉस्मर यायचा होता, पण करारातला नकाराधिकार वापरून त्याने वॉशिंग्टनला येण्याचे टाळले. तळाच्या संघाची पत काय असते, हे त्यावरून कळावे.

वॉशिंग्टनच्या प्रेक्षकांना मोठा बॅटर गमावण्याचा एक फसवा अनुभव आधीच होता. २०१९ च्या सुरुवातीला ब्राइस हार्पर १३ वर्षांच्या ३३ कोटी डॉलरच्या करारावर फिलाडेल्फियाला गेला आणि त्याच वर्षी नॅशनल्सने विजेतेपद मिळवले. तेव्हा मॅक्स शेर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग, अँथनी रेंडन, ट्रे टर्नर आणि स्वतः सोटो संघात होते. एक खांब गेला तरी छत पेलणारे बाकी सगळे जागेवर होते. २०२२ च्या ऑगस्टपर्यंत रेंडन निघून गेला होता, शेर्झर आणि टर्नर वर्षभरापूर्वीच लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेले होते, आणि सात वर्षांच्या २४.५ कोटी डॉलरच्या करारावर असलेला स्ट्रासबर्ग दुखापतींमुळे जवळजवळ मैदानाबाहेरच होता. त्यामुळे हार्परच्या वेळचा दाखला सोटोच्या वेळी देण्यात काहीच अर्थ नव्हता.

सोटोसारखा बॅटर जातो तेव्हा लोक होम रन मोजतात. माझ्या मते खरे नुकसान वॉकच्या रकान्यात दिसते. पिचरने स्ट्राइक झोनच्या बाहेर चार चेंडू टाकले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर (धाव पुरी करण्याच्या चार टप्प्यांतल्या पहिल्यावर) जातो, आणि सोटोने २०२१ मध्ये असे १४५ वॉक मिळवले होते. क्रिकेटमध्ये असा फलंदाज जमला की त्याला एक धाव देऊन समोरच्याला स्ट्राइकवर आणता येते; बेसबॉलमध्ये त्याची पाळी टाळायची तर त्याला बेस द्यावाच लागतो, त्याच्यासाठी पिचरला जास्त चेंडू खर्चावे लागतात आणि पुढच्या बॅटरसमोर बेसवर आधीच एक धावपटू उभा असतो. २०२२ मध्ये वॉशिंग्टनसाठी खेळलेल्या १०१ सामन्यांत त्याची बॅटिंग सरासरी (यशस्वी फटक्यांचे प्रमाण) अवघी .२४६ होती आणि टीकाही पुष्कळ झाली, तरी त्या सामन्यांत त्याच्या नावावर २१ होम रन आणि ९१ वॉक होते.

आता २०२३ चा संघ पाहू. हा संघ चेंडूला बॅट लावण्यात चांगला होता. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) होण्याचे प्रमाण लीगमधल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी होते आणि सरासरीही लाजिरवाणी नव्हती. मात्र होम रन आणि वॉक या दोन्ही बाबतींत तो तळाच्या संघांत मोडत होता. एका डावात तीन सिंगल (एका बेसपुरते फटके) मारून एक धाव काढणे, आणि चौथ्या सिंगलची वाट पाहत इनिंग संपणे, हे दृश्य त्या वर्षी इतक्या वेळा दिसले की दोन बॅटर बेसवर असतानाही प्रतिस्पर्धी पिचर निवांत दिसत असत. फर्स्ट बेसमन आणि डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) या दोन जागा परंपरेने ताकदवान बॅटरसाठी असतात. त्या जागांवर मुख्यतः डॉमिनिक स्मिथ आणि जोई मेनेसेस खेळले. स्मिथने १२ आणि मेनेसेसने १३ होम रन मारले. त्याच वर्षी सॅन डिएगोत सोटोने एकट्याने ३५ होम रन आणि १३२ वॉक जमवले.

मेनेसेसची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. मायनर लीगमध्ये आणि परदेशी लीगमध्ये वर्षानुवर्षे घालवलेल्या या मेक्सिकन बॅटरने वयाच्या तिसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये पदार्पण केले ते नेमके २ ऑगस्ट २०२२ रोजी, म्हणजे सोटो गेला त्याच दिवशी, आणि पहिल्याच सामन्यात होम रन मारला. उरलेल्या ५६ सामन्यांत .३२४ ची सरासरी आणि १३ होम रन अशी त्याची कामगिरी झाल्यावर नियतीनेच भरपाई केली असे वाटणे स्वाभाविक होते. २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये त्याने मेक्सिकोकडून अमेरिकेविरुद्ध एकाच सामन्यात दोन होम रन मारले, तेव्हा ती आशा आणखी वाढली. मग १५४ सामन्यांचा पूर्ण हंगाम आला आणि होम रनचा आकडा पुन्हा तेराच राहिला. त्याने आपल्या बॅटिंगने ८९ धावा घरी आणल्या आणि संघातल्या कोणापेक्षाही त्या जास्त होत्या, हे खरे. पण एका पूर्ण हंगामाचा अभ्यास हाती आल्यावर पिचरना त्याची भीती उरली नव्हती. पुनर्बांधणीत असा खेळाडू लाभणे हे भाग्यच, फक्त त्याला पाया समजू नये.

मग १६ विजय आले कुठून? एक वाटा सुरुवातीच्या पिचरचा, आणि तोही थोर पिचिंगचा नव्हे, तर त्यांचे आधीचे भयंकर पिचिंग थांबल्याचा. २०२२ मध्ये सलग ४३ सामन्यांत नॅशनल्सच्या एकाही सुरुवातीच्या पिचरच्या खात्यात विजय जमा झाला नव्हता. पॅट्रिक कॉर्बिन ६ विजय, १९ पराभव आणि दर नऊ इनिंगमागे ६.३१ धावा अशा अवस्थेत होता. पुढच्या वर्षी तो १० विजय, १५ पराभव आणि ५.२० वर आला. ५.२० हा आकडा कोणी अभिमानाने सांगणार नाही, पण खेळात राहण्याइतका वेळ तो संघाला देत होता. २०२२ मध्ये ३८ होम रन दिलेला जोसाया ग्रे ३.९१ पर्यंत सुधारला आणि सिएटलच्या ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. सोटोच्या बदल्यात आलेल्या गोरने १३६ इनिंगमध्ये १५१ जणांना स्ट्राइकआउट केले. शेवटच्या इनिंगसाठी काइल फिनेगनने २८ सेव्ह (आघाडी राखून सामना संपवल्याच्या नोंदी) मिळवले. थोडक्यात, सामने आठव्या इनिंगपर्यंत जिवंत राहू लागले.

दुसरा वाटा एब्रम्सचा. त्या वर्षीपासून नियम बदलले होते: बेसची रुंदी १५ इंचांवरून १८ इंच झाली आणि बेसवरच्या धावपटूला धाकात ठेवण्यासाठी पिचरला प्रत्येक बॅटरमागे दोनदाच मुक्तपणे पिचिंगच्या पट्टीवरून पाय काढता येऊ लागला. वेगवान धावपटूला याहून सोयीचे काय असणार? हंगामाच्या मध्यावर त्याला बॅटिंग क्रमात पहिल्या स्थानावर आणण्यात आले आणि त्याने वर्षभरात ४७ बेस चोरून (फटका नसतानाच धावत पुढचा बेस गाठून) ट्रे टर्नरचा २०१७ मधला ४६ चा संघविक्रम मागे टाकला. त्याने १८ होम रनही मारले. पण वॉक मोजकेच मिळवल्यामुळे बेसवर पोचण्याचे त्याचे प्रमाण सामान्यच राहिले, आणि पहिल्या बॅटरबाबत ही उणीव साधी नसते. लेन थॉमसने मात्र २८ होम रन आणि २० चोरलेले बेस असा त्याच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम हंगाम खेळून दाखवला.

एक गोष्ट त्या वेळीही उघड होती आणि तिच्याकडे काणाडोळा झाला. संघाने दिलेल्या धावा काढलेल्या धावांपेक्षा जवळजवळ दीडशेने जास्त होत्या. अशा फरकाच्या संघाला साधारण ६६ किंवा ६७ विजय मिळावेत. उरलेले चार-पाच अटीतटीच्या सामन्यांच्या नशिबाचे होते.

व्यवस्थापनाने जुलैअखेरीस जे केले ते मात्र मला पटले होते. पन्नास लाख डॉलरच्या एका वर्षाच्या करारावर घेतलेला जेमर कँडेलारिओ १६ होम रन मारून बसला होता. त्याला शिकागो कब्जकडे पाठवून डी. जे. हर्झ हा डावखुरा पिचर आणि केविन मेड हा इनफिल्डर घेतला गेला. काही अधिक विजयांसाठी त्याला ठेवणे हा भाबडेपणा ठरला असता. त्याच महिन्यात ड्राफ्टमध्ये, म्हणजे तळाच्या संघांना झुकते माप देणाऱ्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर डिलन क्रूज मिळाला. १०७ पराभवांचे तेवढेच काय ते फळ होते, आणि पुढच्या वर्षी तेही मिळणार नव्हते, कारण लीगच्या महसूल-वाटपातून पैसे न घेणाऱ्या संघाला लागोपाठ दोन वर्षे ड्राफ्टच्या सोडतीत भाग घेता येत नाही. २०२४ मध्ये नॅशनल्सना दहावा क्रमांक मिळाला. म्हणजे २०२३ मध्ये हरण्यात फायदाही नव्हता.

सोटोला विकण्याचा निर्णय चुकीचा होता, असे यातून मला म्हणायचे नाही. तो असतानाही २०२२ चा संघ तळाशीच होता. पाड्रेज त्याच्यासह २०२३ मध्ये ८२ सामने जिंकून प्लेऑफबाहेर (बाद फेरीबाहेर) राहिले आणि त्यांनीही त्याला डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क यांकीजकडे दिले. पुढे न्यूयॉर्क मेट्सने त्याच्याशी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा करार केला, आणि ती रक्कम देण्याची वॉशिंग्टनची तयारी कधीच नव्हती. माझा आक्षेप २०२३ च्या वाचनाला आहे. विजयांची वाढ म्हणजे ताकदवान बॅटिंग उभी राहिली, असे समजले गेले आणि पुढच्या हिवाळ्यात बॅटिंगवर फारसा खर्च झाला नाही. २०२४ मध्ये संघाने पुन्हा बरोबर ७१ सामने जिंकले आणि ९१ गमावले. जेम्स वुड त्या जुलैत आला, २०२५ मध्ये त्याने ३१ होम रन मारले, म्हणजे ज्या प्रकारचा बॅटर गेला होता त्या प्रकारचा एक तरी अखेर उभा राहिला. पण त्या वर्षी विजय ६६ वर घसरले आणि जुलैमध्ये मार्टिनेझ आणि रिझो या दोघांनाही एकाच दिवशी काढून टाकण्यात आले.