केळीच्या बागेतले सेन्सर: थंडी काढली, आता मे चालू

पावसाळा संपला तेव्हा माझ्याकडे टेबलावर एक ब्रेडबोर्ड, एक नोडएमसीयू (ईएसपी चिपचा छोटा वायफाय बोर्ड) आणि लॅपटॉपवर पळणारे आकडे एवढंच होतं. आता सगळं शेतात गेलंय, जळगाव जिल्ह्यात चोपड्याच्या बाजूला, कांदेबागेत, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीत. थंडी काढून झाली आणि मे तापायला लागलाय, म्हणून कुठवर आलोय ते एकदा लिहून टाकतो, असलेच उद्योग करणारे बरेच जण आहेत इकडे, कोणाच्या तरी कामाला येईल.

सध्याची मांडणी अशी. डीएस१८बी२० नावाचे तापमानाचे डिजिटल सेन्सर, स्टीलच्या नळीतले वॉटरप्रूफवाले, सगळे एकाच केबलवर. एक जमिनीपासून वीतभर वर, एक छातीच्या उंचीवर, एक ड्रिपच्या नळीजवळ मातीत दहा सेंटीमीटर खोल आणि एक हौदात, जिथं विहिरीचं पाणी पडतं तिथं. हवेतल्या ओलाव्यासाठी वेगळा एसएचटी३१ लावलाय कारण डीएस१८बी२० फक्त तापमानच सांगतो. डीएचटी११ हा तापमान-ओलाव्याचा साधा सेन्सर पडून होता घरात, पण त्याची अचूकता दोन अंश इकडेतिकडे, आणि केळीला आठ अंश आणि दहा अंश यात जो फरक पडतो तोच मला बघायचा होता, मग तो लावून काय उपयोग. तो आता देवघरापाशी भिंतीवर शोभेला आहे.

एकानं विचारलं होतं की एलएम३५ हा अॅनालॉग सेन्सर स्वस्त आहे, सोपा आहे, तो का नाही. तर एलएम३५ एका अंशाला दहा मिलिव्होल्ट देतो, टेबलावर एकदम मस्त चालतो, पण शेतात तीसेक मीटर केबल टाकली आणि बाजूनं थ्री फेजची मोटर चालू झाली की त्या तारेत दहावीस मिलिव्होल्टची गडबड सहज घुसते, म्हणजे एकदोन अंश हवेतच गेले. डिजिटलमध्ये सेन्सर स्वतःच आकडा तयार करून पाठवतो आणि सोबत सीआरसी (आकडा तपासायचा कोड) जोडतो, आकडा वाटेत बिघडला तर कळतं तरी की बिघडलाय, फेकून द्यायचा आणि परत मागायचा. शिवाय प्रत्येक डीएस१८बी२० ला कारखान्यातूनच चौसष्ट बिटांचा स्वतःचा नंबर असतो, त्यामुळे एकाच डेटा तारेवर पाहिजे तेवढे लटकवा, ज्याचं नाव घेतलं तोच बोलतो. फक्त लावायच्या आधी एकेक करून नंबर वाचून केबलला चिठ्ठी चिकटवून घ्या, नाहीतर शेतात उभं राहून एकेक सेन्सर मुठीत धरून कोणता वर जातोय ते बघत बसायची वेळ येते.

आता आकड्यांच्या बाबतीत एक गोष्ट जी सगळ्यांना चकवते. बारा बिटांवर हा सेन्सर ०.०६२५ अंशाच्या पायऱ्यांनी आकडा देतो, स्क्रीनवर २३.४४ असं काहीतरी दिसतं आणि माणूस खुश होतो. पण डेटाशीटमधली खात्री आहे ती उणे १० ते ८५ अंशांमध्ये अर्धा अंश इकडे किंवा तिकडे, म्हणजे दशांशानंतरचा दुसरा आकडा बघून भांडायचं काही कारण नाही. मात्र एकच सेन्सर आज आणि उद्या यातला फरक चांगला दाखवतो, म्हणून चारही सेन्सर आपसात जुळवून घेणं महत्त्वाचं. ते काम बर्फावर केलं. गोळेवाल्याकडून बर्फ आणला, कापडात बांधून बारीक फोडला, थर्मासमध्ये भरून वर आरओचं पाणी फक्त फटी भरतील इतकंच टाकलं, सगळे सेन्सर रबरबँडनं एकत्र बांधून मधोमध खोचले आणि हलवत राहिलो. बर्फ वर तरंगत आणि पाणी तळाला असं ठेवलं तर तळाचा आकडा शून्याच्या वरच राहतो, हलवणं हाच सगळा खेळ आहे. तीन सेन्सर शून्याच्या अगदी जवळ बसले, एक ०.४ वर अडून राहिला, त्याचा तेवढा ऑफसेट कोडमध्ये वजा करून टाकला. उकळत्या पाण्यावरही बघितलं, पण तिथं शंभर धरू नका, आपला भाग समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आहे, पाणी ९९.३ च्या आगेमागेच उकळतं.

वायरिंगबद्दल थोडक्यात. पॅरासाइट पॉवरच्या, म्हणजे डेटाच्या तारेतूनच सेन्सरला वीज देण्याच्या नादी लागू नका, तीन तारा टाका. पुलअप रेझिस्टर (डेटा तार आणि सप्लाय यांच्यामध्ये लावायचा) पुस्तकी ४.७ किलोओहमचा, लांब केबलवर मी २.२ चा लावला तेव्हा स्थिर झालं. केबल एकच सरळ न्या आणि सेन्सर तिला छोट्या शेपटांनी जोडा, एका जागेवरून चारी दिशांना फाटे फोडले तर सिग्नल टोकांवर आपटून परत येतात आणि सेन्सर कधी दिसतो कधी गायब. केबल नेटवर्कचीच वापरली, डेटा आणि ग्राउंड एकाच पिळाच्या जोडीत. आणि मोटरच्या केबलपासून लांब, शक्यतो दुसऱ्या बांधानं.

दोन आकडे सगळ्यांना भेटतात. एक म्हणजे ८५. सेन्सरला पॉवर मिळाली की त्याच्या मेमरीत आधीपासून ८५ लिहिलेलं असतं, मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचलं किंवा मधेच सप्लाय बसला तर तेच परत येतं. बारा बिटांवर मोजायला ७५० मिलिसेकंद लागतात, तेवढी कळ काढायला पाहिजे. आमच्याकडे रात्रीची लाईट आली आणि स्टार्टर खटकन बसला की त्या मिनिटाला ८५ यायचं, यूएसबी अडॅप्टर काढून १८६५० या लिथियम सेलवर टाकलं तेव्हा बंद झालं. दुसरा आकडा उणे १२७, तो सेन्सरचा नाहीच, लायब्ररीचा आहे, सेन्सर सापडला नाही असं सांगायची तिची पद्धत. उणे १२७ ओलं झालेल्या जॉइंटमधून येतं, नव्वद टक्के वेळा तरी. आतून गोंद असलेली हिटश्रिंक (तापवली की जॉइंटवर आवळून बसणारी नळी) मिळते ती घ्या, साधी नको.

ऑनलाइन मागवलेल्या एका पाकिटातले सेन्सर नकली निघाले. कंपनीचं नाव सांगायचं तर हा सेन्सर मूळ डॅलस सेमीकंडक्टरचा, २००१ मध्ये मॅक्सिमनं डॅलस घेतली आणि २०२१ मध्ये मॅक्सिम अॅनालॉग डिव्हायसेसकडे गेली, पण बाजारात जे फिरतं त्यातलं बरंच यापैकी कोणाचंच नसतं. नंबर २८ पासून सुरू होतो हे दोघांचंही सारखं. अस्सलमध्ये शेवटच्या सीआरसी बाइटच्या आधीच्या दोन बाइट शून्य असतात, नकलीत तिथं काहीही असतं. नकली आहे म्हणून चालतच नाही असं नाही, मातीतला माझा नकलीच आहे आणि गपगुमान काम करतोय, पण बर्फाची परीक्षा दिल्याशिवाय त्याला शेतात पाठवू नका.

आता मुख्य गोष्ट, ज्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. सेन्सर हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतो. ऊन त्याच्या अंगावर पडलं तर तो तापलेल्या स्टीलचा आकडा देणार, पत्र्याला टेकला तर पत्र्याचा, ईएसपीच्या डब्यात ठेवला तर डब्याचा. डब्यातला एसएचटी३१ कागदावर ०.२ अंशाचा अचूक, पण शेजारी ईएसपी सतत वायफाय मारत बसला की तोच तीनचार अंश जास्त सांगत होता. त्याला केबलवर बाहेर काढला आणि बोर्ड दर दहा मिनिटांनी जागा होऊन परत डीप स्लीपमध्ये (जवळजवळ बंद) जाईल असं केलं तेव्हा कुठं तो माणसात आला.

हवामान खात्याची ती पांढरी लाकडी झडपांची पेटी असते ना, स्टीव्हन्सन स्क्रीन, ती उगाच नाही. तशीच गोष्ट घरी करायला कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या प्लेटा आणल्या. सगळ्यात वरची अखंड, खालच्या सगळ्यांना मधोमध वाटीएवढं भोक, तीन थ्रेडेड रॉड, आणि दोन प्लेटांमध्ये बोटभर फट राहील असे नट. सेन्सर आत मधोमध लोंबकळतो, कशालाच टेकत नाही, वारं आरपार जातं, ऊन आणि पाऊस आत येत नाही. प्लेटा उलट्या, म्हणजे कड खाली, नाहीतर प्रत्येक प्लेटीत पाणी साठतं. भोक पाडायला सोल्डरिंग आयर्न वापरलं, वास भयंकर येतो, अंगणात बसून करा. एप्रिलमध्ये दुपारी या प्लेटांच्या आतला आणि बाजूला नुसता उघड्यावर टांगलेला, असे दोन सेन्सर ठेवून बघितले तर वारं पडलेल्या दिवशी उघडा सेन्सर सहासात अंश वर. सेन्सर दोन्ही सारखे, बर्फात एकाच थर्मासमध्ये बसलेले.

शेजारचे नाना बांधावर आले, प्लेटांचा तो मनोरा बघितला आणि म्हणाले, "भाऊ, थंडी शे का नही हाई दखाले तुले मशीन लागस का? पहाटे बाहेर ये ना, समजी जाई." त्यांचं काही चुकीचं नाही. नाना मोबाइल न बघताच ओळखतात की आज चरका बसणार आणि शेकोटीचा पालापाचोळा संध्याकाळीच बांधावर आणून ठेवतात. पण पहाटे म्हणजे किती वाजता, तिथं माझ्या आकड्यांनी थोडी भर घातली.

जानेवारीत आकाश निरभ्र आणि वारं पडलेलं असलं की जमिनीजवळचा सेन्सर आणि छातीच्या उंचीचा सेन्सर संध्याकाळनंतर हळूहळू फाकायला लागतात. जमीन आपली उष्णता वर फेकून थंड होते, तिला लागून असलेली हवा आधी थंड होते, आणि थंड हवा जड म्हणून तिथंच बसून राहते. माझ्याकडे खालचा सेन्सर वरच्यापेक्षा दोन अंशांनी कमी अशा रात्री बऱ्याच होत्या. ढग आले किंवा वारं सुटलं की दोन्ही रेषा परत चिकटतात, ग्राफ बघूनच सांगता येतं की रात्री आभाळ होतं का. आणि सगळ्यात कमी आकडा मध्यरात्री येत नाही, उजाडायच्या सुमाराला किंवा सूर्य उगवल्यानंतर थोड्या वेळानं येतो, कारण तोवर जमीन उष्णता टाकतच असते. म्हणून चार वाजता पेटवलेली शेकोटी सहापर्यंत राख होऊन बसली तर खरी गरज असते त्या वेळी धूरच नाही. नानांनी यंदा पालापाचोळा ओला करून दोन टप्प्यांत पेटवला. माझ्यामुळे असं ते म्हणणार नाहीत.

हौदातल्या सेन्सरनं तर एकदम मजा आणली. बाहेर नऊ अंश असताना विहिरीचं पाणी २५ च्या वरच. रात्री केळीला पाणी द्या असं सगळे का सांगतात ते इथं डोळ्यांनी दिसतं, पाणी स्वतः गरम आहेच, शिवाय ओली माती दिवसा घेतलेली उष्णता जास्त धरून ठेवते. मातीतल्या सेन्सरची रेषा हवेच्या मानानं अगदी शांत असते, आणि तिचा वरचा टोकाचा आकडा हवेच्या नंतर काही तासांनी येतो.

मधे सावद्याकडच्या एका मित्राच्या रायपनिंग चेंबरमध्ये (केळी पिकवायच्या गार खोलीत) खेळून आलो. भिंतीवरचा डिस्प्ले १७ दाखवत होता, मी सेन्सरची नळी धुऊन मधल्या क्रेटमधल्या केळीच्या गरात देठाकडून खुपसली तर २० च्या वर. पिकायला लागलेलं फळ श्वास घेतं आणि उष्णता सोडतं, इथिलीन (फळ पिकवणारा वायू) दिल्यानंतर तर जोरात, आणि क्रेट गच्च रचले की मधल्या फळांपर्यंत गार हवा पोचतच नाही. चेंबरवाले गराचं तापमान बघतात ते याच्यासाठी. मित्रानं क्रेटांच्या रांगांमध्ये फट ठेवायला सुरुवात केली. उलट बाजूही ध्यानात ठेवा, १२-१३ च्या खाली नेलं तर साल काळपट पडते आणि मग केळी नीट पिवळी होतच नाही.

आणि मे. व्हॉट्सॅपवर गाड्यांच्या डॅशबोर्डचे फोटो फिरायला लागलेत, जळगाव ४९, भुसावळ ५०. बाबांनो, गाडीचा सेन्सर बहुतेक पुढच्या बंपरच्या मागं असतो, सिग्नलला उभ्या गाडीत तो डांबराची आणि इंजिनाची धग मोजतो, थोडा वेळ हायवेवर वेगात चालवा मग आकडा बघा, दोनचार अंश आपोआप उतरतात. उतरून जे राहतं तेही काही कमी नसतं म्हणा, माझ्या प्लेटांच्या आत परवा ४५ ओलांडलं, आणि बाहेरच्या ओळीतल्या केळीची पानं करपलेली दिसतायत. ज्या बाजूला शेवरी दाट आहे तिथं तेवढं नाही. तिथं दुसरी प्लेटांची माळ टांगून शेवरीच्या आतबाहेर किती फरक पडतो ते बघतोय, पण त्यासाठी दोन्ही ठिकाणी वाऱ्याचा वेगही माहीत पाहिजे, नाहीतर फरक सावलीचा की वाऱ्याचा ते कळणार नाही.

पुढचं काम लोराचं, म्हणजे कमी विजेत लांबवर आकडे पाठवणाऱ्या रेडिओचं आहे. घरचं वायफाय शेतापर्यंत येत नाही, सध्या मेमरी कार्ड काढून आणतो, म्हणजे थंडीचा इशारा मला दुसऱ्या दिवशी दुपारी मिळतो. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले मॉड्यूल घ्यायचेत, ४३३ वाले स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. कोणी वाढलेल्या केळीच्या बागेतून लोरा चालवलं असेल तर अँटेना किती उंच न्यावा लागला ते सांगा, पानांत एवढं पाणी असतं की सिग्नलचं काय होईल याचा मला अंदाज येत नाहीये, आणि मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळीची लागवड सुरू व्हायच्या आत खांब गाडून मोकळं व्हायचंय.