डाव्या गुडघ्यातले सहा अंश

सापडलं! रोबोचं जेट विमान होणारं माझं ट्रान्सफॉर्मर्सचं खेळणं जेट रूपात नेलं की डावा पाय धडापासून सुटतो आणि डावं नोजल (इंजिनाचं मागचं तोंड) उजव्यापेक्षा खाली लोंबतं, या दुखण्यावर माझ्या मागच्या दोन नोंदी खर्ची पडल्या. काल रात्री मूळ हाती लागलं. मी शोधत होते त्या जागी ते नव्हतंच.

हा तोच मास्टरपीस मापाचा, म्हणजे संग्राहकांसाठीच्या मोठ्या मालिकेच्या मापाचा एफ-१५ लढाऊ विमानाचा नग, रोबो रूपात २५ सेंटिमीटरच्या आसपास भरणारा. जेट करताना पाय सरळ मागे जातात आणि पोटऱ्यांची इंजिनं होतात. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला असलेली खुंटी पंखाच्या मुळाशी खाचेत बसते. उजवी टक्कन बसते आणि मग हलत नाही. डावी बसायची, पण दोन-चार मिनिटांत आपोआप निसटायची. बसलेली असतानाही उजवीकडची फट ०.२ मिलिमीटर आणि डावीकडची १.६. व्हर्नियरने तीनदा मोजली. एफ-१५ चे शेपटीवरचे उभे पंख अगदी सरळ उभे असतात, एफ-१८ सारखे बाहेर कललेले नसतात. त्यामुळे मागून पाहिलं की दोन टोकांच्या उंचीतला फरक लगेच डोळ्यांत खुपतो.

मी खुंटीला दोषी धरलं होतं. आधी तिला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन थर दिले. पकड वाढली, पण दुसऱ्या दिवशी खाचेच्या कडेला पांढरी रेघ उमटली. प्लास्टिकवर ताण येतोय याची ती खूण, म्हणून लेप लगेच खरवडून काढला. मग पंखाच्या मुळाशी असलेलं पॅनल वाकलंय असं वाटलं. ते गरम पाण्यात धरून काचेवर दाबून थंड केलं. काहीही फरक नाही. खुंटी तासायला कानस हातात घेतली होती, पण तासलेलं प्लास्टिक परत येत नाही, म्हणून थांबले. थांबले याचा आज फार आनंद आहे.

काल दोन्ही पाय कमरेच्या बॉल-जोडातून काढून काचेच्या तुकड्यावर शेजारी शेजारी ठेवले. मांड्या सपाट टेकवल्या आणि दोन्ही गुडघे त्यांच्या ‘सरळ’ क्लिकवर आणले. उजवी टाच काचेला टेकली. डावी अधांतरी! टाचेखाली ७ मिलिमीटर जागा होती. गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर ७० मिलिमीटर, म्हणजे कोन झाला साधारण ६ अंशांचा. पाय खाचेतून निसटत नव्हता, गुडघ्याचा रॅचेट (स्प्रिंगवरचं दातेरी चक्र, जे ठरावीक कोनांवर क्लिक होऊन थांबतं) त्याला खेचून बाहेर काढत होता. खुंटी एकीकडे ओढते, स्प्रिंग दुसरीकडे, आणि एवढीशी खुंटी त्या स्प्रिंगपुढे किती वेळ टिकणार?

इथेच मागच्या नोंदीतलं दुसरं कोडंही सुटलं. रोबो डावीकडे झुकतो म्हणून मी घोट्याच्या जोडाला नावं ठेवली होती. घोटा निर्दोष आहे. गुडघाच पूर्ण सरळ होत नव्हता, म्हणून तो पाय आखूड पडत होता. जेटमधली फट आणि रोबोचा झोक या दोन्ही तक्रारी एकाच जागेच्या निघाल्या.

पण असे विचित्र ६ अंश आले कुठून? गुडघा उघडला. आत २० दातांचं चक्र, म्हणजे दर १८ अंशांना एक क्लिक. चक्र एक दात सरकलं असतं तर चूक १८ अंशांची दिसली असती. चक्राच्या मागच्या बाजूला षटकोनी भोक आहे आणि ते मांडीतल्या षटकोनी खुंटावर बसतं. म्हणजे ते सहा प्रकारे बसवता येतं, दर वेळी ६० अंशांचा फरक. आता ६० ला १८ ने भागा. तीन क्लिक होऊन ६ अंश उरतात! एक बाजू चुकली की सगळे क्लिक ६ अंशांनी सरकतात. दोन बाजू चुकल्या तर १२ उरतात, म्हणजे उलट्या दिशेने ६. तीन बाजू चुकल्या तर बरोबर १० क्लिक होतात आणि काहीच बिघडत नाही. सहापैकी दोनच बैठका खऱ्या, आणि चक्रावर खूण कसलीच नाही. जुळणी करणाऱ्या हातांनी कशावरून ओळखायचं? भोक इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं केलं असतं तर चूक होऊच शकली नसती. माझ्या मते हा दोष जुळणीच्याही आधीचा, आराखड्यातला आहे.

चक्र उचललं, एक बाजू फिरवून बसवलं आणि स्क्रू लावला. डावी टाच काचेला टेकली. जेट केलं आणि मोजलं: डावीकडे ०.३. रात्रभर शेल्फवर ठेवलं, सकाळी पुन्हा ०.३. दोन्ही नोजलं एका रेषेत. मी ते मागून कितीतरी वेळ बघत बसले.

उघडणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गुडघ्याची पिन दातेरी असेल तर गुळगुळीत टोकाकडून ठोका, म्हणजे दातेरी टोक आधी बाहेर पडतं आणि भोक रुंदावत नाही. स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा, ‘टक’ करून जुन्या आट्यांत पडला की मगच आवळा. टोक झिजलेला स्क्रूड्रायव्हर वापरू नका. माझ्या संचातल्या चुंबकी टोकाच्या स्वस्त स्क्रूड्रायव्हरने पहिल्याच फेरीत डोकं खाल्लं असतं. नीट घासलेलं, डोक्यात घट्ट बसणारं एकच चांगलं टोक अशा दहा टोकांच्या संचापेक्षा मोलाचं आहे. वंगण सिलिकॉनचंच लावा. पेट्रोलियमवाली वंगणं एबीएस या कडक प्लास्टिकला आणि त्याहून जास्त कॉकपिटच्या पारदर्शक प्लास्टिकला तडे पाडू शकतात.

आता पाय जागेवर आले, तर जेट रूपाचं मूल्यमापन पहिल्यांदाच न्यायाने करता येतं. खरा एफ-१५ लांबीला १९.४३ मीटर आणि पंखांच्या विस्ताराला १३.०५. माझा नग २३ सेंटिमीटर लांब, म्हणजे विस्तार साडेपंधराच्या आसपास हवा. तो १७ आहे. मला हे खटकत नाही, कारण रोबोच्या पाठीमागे तेच पंख उभे राहिल्यावर त्याला रुबाब येतो. पोटाखालचं हातांचं गाठोडं मात्र बाजूने बघताना जाडच वाटतं. तरी स्टारस्क्रीम या एफ-१५ होणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या १९८४ च्या मूळ खेळण्याचे पंख, शेपूट आणि मुठी वेगळ्या काढून लावाव्या लागत, हे आठवलं की इथे रूपांतरासाठी एकही भाग सुटा करावा लागत नाही याचं मोल कळतं. हवेची तोंडं खऱ्या विमानात खाली झुकतात, तशीच यातही झुकतात. रूपांतराला त्याचा काही उपयोग नाही, कुणीतरी निव्वळ प्रेमापोटी तो सांधा दिलाय. नोजकोनची घडी तर मी आज विनाकारण सहा वेळा उघडमीट केली.

पुढचा बेत पॅनल लाइनिंगचा होता. राखाडी भागांवर काळ्याऐवजी गडद करडी शाई, फक्त खोबणीत. बाटली उघडून ठेवलीसुद्धा होती. पण हे लिहिता लिहिता एक शंका आली आणि उठून उजवा खांदा क्लिक-क्लिक करून मोजला. तोही एका फेरीत २०! म्हणजे खाली सोडलेला हात पाच क्लिकमध्ये बरोबर ९० अंशांवर यायला हवा. डावा येतो. उजवा आडव्या रेषेच्या किंचित खाली थांबतो. आजवर मी ते हातावरच्या लाँचरच्या वजनावर ढकललं होतं. लाँचर काढून पुन्हा पाहिलं. हात तिथेच थांबतो. कोनमापक लावला: ८४.

शाईची बाटली बंद केली. खांद्याचा स्क्रू चिकटवलेल्या टोपणाखाली आहे आणि टोपणाच्या कडेवर रंग आहे. पातळ पात्याने चारही बाजूंनी थोडं थोडं उचलायचं की मागच्या भोकातून सळीने ढकलायचं, एवढंच ठरवायचंय. मागे भोक आहे का, ते आधी टॉर्च लावून बघते.