तो ओरडत नव्हता

रात्री पावणेदोनला कॅज्युअल्टीतून पेशंट वर आला. वय १९, धानोरा तालुक्यातल्या एका गावचा, सोबत फक्त आई. केसपेपरवर एकच शब्द: अंगदुखी. ताप नाही, बीपी ठीक, नाडी जराशी वाढलेली. पोरगा काही बोललाच नाही. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडला आणि खाटेची लोखंडी कड त्याने इतकी घट्ट धरली की बोटांची पेरं पांढरी पडली.

ती पेरं मी पाहिली होती. तरी पॅरासिटामॉल देऊन पुढच्या बेडकडे गेले.

आई दोनदा काउंटरपाशी येऊन उभी राहिली. "बाई, हाडात दुखते," एवढंच म्हणाली. घरात गोंडी बोलणारी बाई, मराठीत तिला तेवढंच जमत होतं. मी म्हटलं, गोळी दिलीय, थांबा थोडं. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. सिकलसेल, एसएस. ते कार्ड दाखवा असं तिला खालीही कोणी म्हटलं नव्हतं आणि मीही नाही.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. एसएस म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही दोष आलेले. एरवी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, यांची १० ते २० दिवसांत मरते. ती विळ्यासारखी वाकडी होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, पुढच्या हाडाला प्राणवायू पोचत नाही आणि मग जे दुखणं उठतं ते एक्स-रेत दिसेलच असं नाही, बीपीतही नाही. पेशंट सांगतो तेवढंच आपल्या हाती असतं. हे सगळं मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

डॉक्टरांना उठवलं. सलाईन वाढवलं, ऑक्सिजनची पातळी पाहिली, आधी ट्रॅमाडॉल आणि त्याने भागेना म्हणून मॉर्फीन. मॉर्फीन कुलपात असतं, रजिस्टरमध्ये दोन सह्या लागतात, तेव्हा त्यातही वेळ गेला. पहिलं इंजेक्शन गेलं तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. चारच्या सुमाराला त्याने खाटेची कड सोडली.

त्याच रात्री चार नंबरवर एक शिक्षक होते, मूतखड्याचे. ते मोठ्याने ओरडत होते, माझ्याशी माझ्याच मराठीत भांडत होते. त्यांना मी दहा मिनिटांत इंजेक्शन दिलं होतं. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं, ते दिलं हे बरोबरच केलं. पण दोघांच्या केसपेपरवरच्या वेळा मी सकाळी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि हँडओव्हर देताना माझा आवाज नीट निघेना.

निघण्याआधी त्याला विचारलं, इतकं दुखत होतं तर बोलला का नाहीस? म्हणाला, "पहिले ओरडत होतो सिस्टर. तेव्हा नाटक करते म्हणत."

ब्रिटनमध्ये २०१२ पासून लेखी सूचना आहे की सिकलसेलचं तीव्र दुखणं घेऊन पेशंट आला तर अर्ध्या तासात वेदनाशामक द्यायचं. तरीही २०१९ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात २१ वर्षांच्या तरुणाने वॉर्डातल्या खाटेवरून आणीबाणीच्या नंबरला फोन करून ऑक्सिजन मागितला. तो वाचला नाही. तिथे हा आजार मुख्यतः काळ्या लोकांचा, आपल्याकडे मुख्यतः आदिवासींचा. खाटेवर कोण आहे ते पाहून आपला विश्वास कमी-जास्त होतो, आणि हे मी दुसऱ्या कोणाबद्दल नाही, माझ्याबद्दल लिहितेय.

आपल्याकडे १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. तपासणी व्हायलाच हवी. आईबाप दोघं वाहक, म्हणजे एकच दोष असलेले, असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते, हे लग्नाआधी कळलेलं बरं. पण कार्ड हातात आल्यावर ते पाहणारं माणूसही लागतं. आमच्या वॉर्डात आता दाखल करतानाच विचारतो, सिकलसेलचं कार्ड आहे का? इनचार्ज सिस्टरांनी तो प्रश्न पुठ्ठ्यावर लिहून काउंटरवर चिकटवलाय, खाली लिहिलंय: आल्याची वेळ, इंजेक्शनची वेळ.

डिसेंबरच्या थंडीत तो परत आला. ११.४० ला आला, १२.०५ ला इंजेक्शन गेलं. मधली पंचवीस मिनिटं तो कण्हत होता, चांगलं ऐकू येईल इतकं, आणि मी त्याच्या पायावर गरम कपडा धरून बसले होते. आईने सांगितलं, धाकटीचेही हातपाय थंडीत सुजतात, ती चौदा वर्षांची आहे. तिची तपासणी कधीच झालेली नाही. चिठ्ठी लिहून दिलीय, मंगळवारी घेऊन या म्हटलंय.