शिरोरेषेत अडकलेलं ब्लेड

गणपतीच्या आधीचा आठवडा. पुण्यात आमचं फ्लेक्स आणि रेडियम कटिंगचं दुकान आहे, त्या दिवसांत घरी फक्त आंघोळीला जातो. एका ढोलपथकाची पोरं आली, दादा हा आपला लोगो, 20 बाय 10 फुटाचा फ्लेक्स पाहिजे आणि 40 ढोलांवर रेडियम, परवा आगमन मिरवणूक आहे.

व्हॉट्सॲपवर आलेली इमेज 1600 पिक्सेल रुंद. 20 फूट म्हणजे 240 इंच, इंचाला सातसुद्धा पिक्सेल पडेनात, म्हणजे एकेक ठिपका जवळजवळ चार मिलिमीटरचा! मग ज्या मुलीनं चित्र काढलं तिलाच फोन केला, म्हटलं ताई ओरिजिनल द्या. टॅबवर प्रोक्रिएटमध्ये रंगवलेली 4000 पिक्सेलची फाइल आली आणि ती उघडून मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो. बाप्पाच्या सोंडेवरून उजेड असा हळूहळू उतरत आलेला... हे ब्रशचंच काम, रास्टरमध्येच म्हणजे पिक्सेलच्या चित्रातच होतं. चेहऱ्याला हात लावायचा नाही हे तिथंच ठरलं. इंचाला सोळा-सतराच पिक्सेल, पण फ्लेक्स चौकात उंचावर लागणार, मऊ रंगांना तेवढं पुरतं.

अक्षरांना नाही पुरत, त्यांच्या कडा फुटतात. आणि प्लॉटरला, म्हणजे रेडियम कापणाऱ्या मशीनला, तर पिक्सेल कळतच नाहीत, ब्लेडला रेघ लागते.

घाईत कोरल सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस मारला, म्हणजे चित्रावरून आपोआप रेघा काढून घेतल्या, तर रेघांवर हजारो नोड्स, म्हणजे वळणाचे बिंदू पडले, ब्लेड जागोजागी अडखळायला लागलं आणि रेडियमच्या कडा करवतीसारख्या निघाल्या. ते सगळं उडवलं आणि वळणदार रेघा हातानं ओढायचं बेझिए टूल घेऊन एकेक अक्षर काढायला बसलो. तयार फॉन्ट टाकला असता तर पंधरा मिनिटांचं काम होतं, पण पथकाचं नाव त्या मुलीच्या हातचं होतं, तिचं वळण मला मोडायचं नव्हतं.

रात्री 11 ला पहिला तुकडा कापला. सोलायला घेतला तर अक्षरं सुटी सुटी हातात आली, कारण शिरोरेषा जिथं जिथं दांडीवर आलेली तिथं ब्लेडनं आडवा छेद दिलेला. स्क्रीनवर सगळं एकसंध काळं दिसतं पण आत दोन आकार एकमेकांवर पडलेले असतात आणि ब्लेड दोघांच्याही कडा कापतं. सगळं सिलेक्ट करून वेल्ड केलं, एकच बाहेरची रेघ राहिली, मग कुठे शिरोरेषेसकट अख्खं नाव एका झटक्यात सुटून आलं.

सकाळी ती मुलगी दुकानात आली. फ्लेक्सवर चेहरा तिचाच, जसाच्या तसा, आणि खाली धारदार अक्षरं. जवळ जाऊन तिनं एका अक्षराच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दादा, ही रेघ कशी ओढली ते दाखवाल?" अजून 12 ढोल चिकटवायचे बाकी होते, तरी मी तिला स्टूल दिलं आणि फाइल उघडली.