मुंबई–गोवा क्रूझ: केबिन डाव्या बाजूची घ्यावी की उजव्या?

बुकिंग करताना बहुतेक जण एकच हिशोब मांडतात: जहाज दक्षिणेला जाणार, म्हणजे कोकण डावीकडे, म्हणजे केबिन डावीकडची. केबिन डावीकडचीच घ्या, असं मीही सांगेन. पण किनारा दिसेल या आशेवर घेतलीत तर हिरमोड होईल.

मुंबई ते मुरगाव (गोव्याचं बंदर) हे अंतर सुमारे २२५ सागरी मैल आहे. १५ नॉट (तासाला १५ सागरी मैल) वेगाने १५ तास लागतात आणि त्यातले बरेचसे रात्रीत जातात. शिवाय किनाऱ्यालगत मासेमारीच्या होड्या आणि जाळी असतात, त्यामुळे मोठी जहाजं बरीच बाहेरून जातात. पाण्यापासून १० मीटर उंचीवरच्या केबिनमधून क्षितिज जेमतेम साडेसहा सागरी मैलांवर असतं. ३० मीटरवरच्या उघड्या डेकवरून साडेअकरा मैलांपर्यंत नजर जाते. म्हणून सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ओळीने बाल्कनीतून बघू, हे डोक्यातून काढून टाका. रात्री डावीकडे दिसले तर दिसतात ते होड्यांचे दिवे आणि अधूनमधून एखाद्या दीपगृहाचा झोत.

बघण्यासारखं आहे ते दोन टोकांना: मुंबई बंदरातून बाहेर पडताना आणि परत आत येताना.

जहाज बॅलार्ड पिअरहून सुटतं. धक्क्याला असताना कुठली बाजू शहराकडे आहे यावरून काहीच ठरवू नका. टगबोटी जहाज ओढून वळवतात आणि मग नाळ (जहाजाचं पुढचं टोक) नैर्ऋत्येला लागते. उजवीकडे आधी नौदलाची गोदी येते (तिचे फोटो काढायचे नाहीत, कॅमेरा खाली ठेवा), मग गेटवे आणि ताज, पुढे कुलाब्याचं टोक आणि प्राँग्सचं दीपगृह. डावीकडे जवाहर द्वीपाच्या तेलटाक्या आणि घारापुरी मागे पडत जातात, मग उरणचा द्रोणागिरी, त्यापुढे मांडव्यामागचा कनकेश्वरचा डोंगर.

आता उजेडाचं बघा. संध्याकाळी सूर्य शहराच्या मागे असतो. गेटवे काळपट आकृतीसारखा दिसतो, फोनच्या कॅमेऱ्यात तर नुसती सावली उतरते. त्याच वेळी डावीकडचे डोंगर पश्चिमेच्या उन्हात उजळलेले असतात. म्हणून जाताना दोन्ही बाजू मिळवायच्या तर केबिनमध्ये बसूच नका. सुटायच्या अर्धा तास आधी वरच्या डेकवर मागच्या टोकाला उभे राहा, तिथून दोन्ही काठ दिसतात.

खांदेरी-उंदेरी बघायची असेल तर महिना महत्त्वाचा. डिसेंबरात मुंबईचा सूर्यास्त सहाच्या सुमाराला होतो. पाचला सुटलेलं जहाज बंदराच्या खाडीतून हळू चालतं आणि खांदेरीच्या समोर येईपर्यंत अंधार पडतो. दिसतो तो फक्त कान्होजी आंग्रे दीपगृहाचा झोत. मार्च अखेरीस सूर्यास्त सातच्या थोडा आधी असतो, तेव्हा संधी असते. तेव्हाही ८×४२ ची दुर्बीण हवीच, कारण जहाज बेटांना बऱ्याच अंतरावर ठेवून जातं. आधी उंदेरीचा बुटका तट दुर्बिणीत येतो, त्याच्या बाजूला खांदेरीच्या टेकडीवर दीपगृह. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांमध्ये खांदेरीही आहे, आणि एवढ्या आरामात समुद्रातून तो बघायला मिळणं ही काही साधी गोष्ट नाही.

सूर्याचं गणित मात्र अगदी नेमकं मांडता येतं. मुंबईहून मुरगावची दिशा, उत्तरेपासून पूर्वेकडे मोजत गेलं तर, साधारण १६५ अंश. डिसेंबरात सूर्य २४६ अंशांवर मावळतो, म्हणजे जाताना उजव्या बाल्कनीच्या जवळपास समोर. मेमध्ये तो २९० अंशांपर्यंत सरकतो, तेव्हा उजवीकडे पण मागच्या अंगाला. बाल्कनीची मधली भिंत आडवी येते. गोव्याच्या वाटेवरचा डिसेंबरातला सूर्योदय डावीकडे, पुढच्या अंगाला. परतीला दिशा उलटते: सूर्यास्त डाव्या बाजूला समोरासमोर, सूर्योदय उजवीकडे मागे.

थोडक्यात, जाऊन-येऊन तिकीट असेल तर जातानाची पहाट, येतानाचा सूर्यास्त आणि परतीची मुंबई, तिन्ही डाव्या बाजूला. फक्त मुंबई ते गोवा जाणार असाल आणि सूर्यास्त खोलीतूनच हवा असेल, तर उजवी घ्या.

केबिन निवडताना चूक होते ती नकाशा वाचण्यात. डेक प्लॅनमध्ये नाळ वर असेल तर डावी बाजू डावीकडेच. पण आडव्या प्लॅनमध्ये नाळ डावीकडे काढली असेल तर जहाजाची डावी बाजू खालच्या ओळीत येते, आणि नाळ उजवीकडे असेल तर वरच्या. खोल्यांच्या सम-विषम आकड्यांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. लाइफबोटींचे आकडे मात्र भरवशाचे: विषम उजवीकडे, सम डावीकडे. त्याच लाइफबोटी प्लॅनवर कुठे टांगल्या आहेत तेही बघा. त्यांच्यामागच्या खोलीत खिडकी असते, पण खिडकीत समुद्राऐवजी बोटीची पाठ. अशी खोली स्वस्त मिळते. झोपण्यापुरतीच हवी असेल तर खुशाल घ्या. या मार्गावरचं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज १९९० सालचं आहे. त्या काळच्या जहाजांना बाल्कन्या थोड्याच, त्यामुळे डावीकडची हवी तर आधीच धरावी लागते.

मुरगावला शिरताना नाळ पूर्वेला वळते. उजवीकडे मुरगावचं टेकाड अगदी जवळून जातं. डावीकडे झुवारीच्या मुखापलीकडे दोना पावला आणि काबो. थंडीत सकाळी धुरकट असतं, लांबचं फारसं दिसत नाही. इथे मी उजवीकडच्या रेलिंगला उभं राहायला सांगेन, केबिन कुठलीही असो.

परतीला दुपारनंतर वायव्येचा वारा समोरून येतो आणि त्यात जहाजाचा वेग मिसळतो. पुढच्या उघड्या डेकवर टोपी टिकत नाही, बाल्कनीत कपडे वाळत घालू नका.

शेवटच्या सकाळी बॅगांच्या गडबडीत लोक नेमकं चुकवतात ते हे: ऊन पूर्वेकडून, शहर डावीकडे. जाताना काळा दिसलेला गेटवे आता पिवळसर दगडासकट उजळून निघतो, ताजचा घुमट स्पष्ट दिसतो. सामान रात्रीच भरून ठेवा. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या; नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं आणि प्राँग्स जवळ आलं की कळतं. तेव्हाच डाव्या डेकवर पोचा. गेटवे मागे पडला की नौदलाची गोदी सुरू होते, तोवर फोटो काढून घ्या.