मोशेला त्या देशात का जाऊ दिलं नाही?

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पूर्वज अलिबागकडचे. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या दिवशी, तो बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं ‘शनवार तेली’. एवढं सांगितलं की बायबल थोडंफार वाचलेली माणसं पुढचा प्रश्न जरा दबकतच विचारतात: मोशेने इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढलेल्या इस्राएली लोकांसाठी जन्म वेचला आणि एका चुकीपायी देवाने त्याला वचनदत्त देशात, म्हणजे देवाने त्या लोकांना देऊ केलेल्या कनान देशात, पाऊलही ठेवू दिलं नाही, हा कसला न्याय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लहानपणी मीही हेच विचारलं होतं, रडवेली होऊन. बाबा रागावले नाहीत. बायबलातल्या ‘गणना’ या पुस्तकाचा विसावा अध्याय उघडून म्हणाले, पहिल्या ओळीपासून वाच.

वाळवंटातल्या प्रवासात कादेशला पाणी संपलं, लोक भांडायला उठले. देव म्हणाला, काठी घे, मंडळी जमव आणि खडकाशी बोल, तो पाणी देईल. मोशे लोकांना म्हणाला, ‘ऐका, बंडखोरांनो, आम्ही या खडकातून तुमच्यासाठी पाणी काढायचं काय?’ आणि खडकावर दोनदा काठी मारली. पाणी भरपूर आलं. पण देवाने मोशे आणि अहरोन या दोघा भावांना सांगितलं की या लोकांना तुम्ही त्या देशात नेणार नाही.

नेमकं चुकलं काय? आमच्या जुन्या ज्यू भाष्यकारांपैकी अकराव्या शतकातले राशी म्हणतात, बोलायचं सोडून मारलं. मैमोनिदिसना राग हा दोष वाटतो. नाहमानिदिस ‘आम्ही काढायचं काय’ यातल्या ‘आम्ही’वर बोट ठेवतात: देवाचं काम माणसाने स्वतःच्या नावावर घेतलं. एवढ्या मोठ्या पंडितांचं एकमत नाही, म्हणजे तुमचा प्रश्न पाखंडी नाही, निश्चिंत राहा. मला नाहमानिदिस पटतात. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, वैतागलेल्या बाईंच्या तोंडून ‘आम्ही’ कसा निघतो ते मला ठाऊक आहे.

पण बाबांनी दाखवलं ते वेगळंच होतं. अध्यायाच्या पहिल्याच वचनात मिर्याम मरते. तान्ह्या मोशेची पेटी लव्हाळ्यात ठेवली तेव्हा काठावर उभी राहून पाहणारी ती बहीण. कादेशला मेली, तिथेच पुरली, बस. पुढे त्याच अध्यायात अहरोन जातो तेव्हा लोक तीस दिवस शोक करतात, मिर्यामसाठी शोकाचा एक शब्दही नाही. लगेच पाण्यावरून भांडण. आमच्या जुन्या परंपरेत म्हणतात, वाळवंटात बरोबर चालणारी विहीर मिर्यामच्या पुण्याईची होती, ती गेली आणि विहीरही गेली.

आता मूळ हिब्रू पाहा. मोशे ज्या शब्दाने लोकांना बंडखोर म्हणतो तो ‘मोरीम’. तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, हस्तलिखित गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, त्यामुळे ‘मोरीम’ आणि ‘मिर्याम’ ही अक्षरं हुबेहूब एकच. बहिणीचं सुतक सरलं नसेल अशा माणसाच्या तोंडून लोकांसाठी शिवी निघते आणि लिहिली तर ती तिचंच नाव होते! हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. आणि थोड्याच ओळींनंतर, चोविसाव्या वचनात, देव त्या दोघा भावांना म्हणतो, ‘तुम्ही माझ्या आज्ञेविरुद्ध बंड केलंत.’ धातू तोच. लोकांवर फेकलेला शब्द त्यांच्याच अंगावर आला.

आज्ञाभंग म्हटला की लोकांना मोशेविरुद्ध उठलेला आणि जमीन दुभंगून गिळला गेलेला कोरह आठवतो, मिठाचा खांब झालेली लोटाची बायको आठवते. कादेशला तसं काही घडलं नाही. पुढाऱ्याच्या चुकीसाठी तहानलेल्यांचं पाणी देवाने अडवलं नाही, गुरंढोरंसुद्धा प्यायली. किंमत पडली ती पुढाऱ्यांना. मोशेने पुढे विनवणीही केली, मला पलीकडे जाऊ दे. ‘पुरे, याविषयी माझ्याशी पुन्हा बोलू नकोस,’ हे उत्तर मला आजही सोसत नाही. शिक्षा हलकी होती असं मी म्हणणार नाही.

तरी शेवट पाहा. एकशे वीस वर्षांचा मोशे, नजर मंदावलेली नाही, मवाबातल्या नबो डोंगरावर चढतो. देव त्याला सगळा देश दाखवतो, आणि तो मेल्यावर त्याला खोऱ्यात पुरलं जातं. कोणी पुरलं? हिब्रू वाक्य सरळ वाचलं तर देवानेच. ती कबर आजवर कोणाला ठाऊक नाही.

सिम्हात तोरा या सणाला तोराचं वर्षभराचं वाचन संपतं; त्या दिवशी आम्ही सिनेगॉगमध्ये हाच मृत्यू वाचतो आणि लगोलग ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाची पहिली ओळ सुरू करतो. तो देश काही वाचनात येत नाही. मग महिने जातात, पुन्हा कादेश येतं, आणि मी मिर्यामच्या त्या एका वचनाशी थांबते, कारण तिथे थांबायला कोणालाच वेळ मिळाला नव्हता.