तुम्ही विचारलंत म्हणून: तंबोऱ्याची साइझ

"मिरजेला तंबोरा सांगायचाय, साइझ काय सांगू?" गाणं शिकायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी दर दोन महिन्यांनी हे विचारतंच. पाठोपाठ पालकांचा प्रश्न: गिटारसारखं याचं माप एकदाचं ठरवून का टाकत नाहीत?

साइझ नका सांगू, पट्टी सांगा, म्हणजे तुमचा सा पेटीच्या (हार्मोनियमच्या) कुठल्या सुरावर लागतो ते. पहिली काळी पट्टी, म्हणजे काळी एक, की काळी चार, एवढं कळलं की कारागीर त्या अंदाजानं भोपळा निवडतो, दांडी धरतो. गंमत म्हणजे 'काळी एक' ही पेटीची भाषा. १९४० पासून तीसेक वर्षं रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती, तरी पट्टी आपण तिच्याच पट्ट्यांवर मोजतो. तेवढं प्रमाणीकरण कधीच होऊन गेलंय.

भोपळा मात्र पंढरपूर-मंगळवेढ्याकडे वेलावर वाढतो. तो इंचांत कसा ऐकेल? २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा एका पालकांना वाटलं, आता मापंही ठरली असतील. मानांकन तिथल्या कारागिरीला आहे हो.

सुधारणांशी माझं भांडण नाही. प्रवासातल्या छोट्या तंबोऱ्याला मी गिटारच्या किल्ल्या बसवून घेतल्या. पावसाळ्यात खुंट्यांना खडू फासत बसण्यातून सुटले. त्याच हुरुपात एकदा तयार घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, मागवली, अगदी मापात. तार बसली, पण बोलेना. नुसतं टण्ण.

शेवटी मिरज गाठली. कारागिरानं तार सैल केली, घोडीवर कानस दोनचारदा फिरवली, तार चढवली, छेडली, मान हलवली. परत सैल. तासभर हेच. मग तारेखाली सुती दोरा घातला आणि केसभर पुढे, केसभर मागे सरकवत राहिला. एका जागी जवारी, म्हणजे तारेचा तो भरीव झंकार, उघडली आणि खर्जातून, खालच्या सा च्या तारेतून, आपोआप गंधार (ग) ऐकू यायला लागला. हा गंधार पेटीवर वाजवून ताडून बघा, पेटीचा चढाच लागेल. पट्टी पेटीची घेतली तरी तंबोरा गंधार आपलाच देतो.

तेव्हा पट्टी सांगून ठेवा, पण तंबोरा कुरिअरनं मागवू नका. स्वतः जा, तिथं बसून तुमचा सा लावा आणि जवारी समोर काढून घ्या. दोऱ्याचं एक रीळ जवळ असू द्या. तो दोरा झिजतो.